कबड्डीच्या हॉलमध्ये कोणती लेन्स?

पुरुषांच्या कबड्डीचं मैदान 13 बाय 10 मीटर. मॅटच्या कडेला बसलेल्या फोटोग्राफरला 400 मिमीची लांबलचक लेन्स इथे उपयोगाची नाही. तिची जागा क्रिकेटच्या सीमारेषेवर. इथे खरी अडचण अंतराची नाही, उजेडाची आहे.

चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकतो आणि कोपरारक्षक त्याच्या घोट्यावर झेपावतो. हा क्षण स्वच्छ टिपायचा तर शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकं वेगवान हवं. एफ/5.6 ची लेन्स एफ/2.8 च्या मानाने पाव हिस्साच प्रकाश आत घेते. म्हणजे आयएसओ 3200 वर भागलं असतं तिथे 12800, आणि फोटोत दाणेच दाणे. म्हणूनच व्यावसायिकांकडे 70-200 एफ/2.8 दिसते. महाग आहे, जडही. पण या कामाला तीच खरी.

स्टॅबिलायझेशनवर भुलू नये. ते हाताचा कंप सावरतं, धावता खेळाडू थांबवत नाही.

बजेट कमी असेल तर 85 मिमी एफ/1.8 घ्यावी. झूम नाही, पण प्रकाश एफ/2.8 च्या दुपटीहून जास्त. जुनी लेन्स घेताना मात्र टॉर्च मारून काचेत बुरशी आहे का ते बघावं; कोकणातल्या दमट हवेत ती लवकर धरते.