मंचाखाली बसलेल्यांचे वाचन

नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीत एका जत्रेच्या रात्री, सोंगाड्या पार्टीचा लोकनाट्याचा खेळ उभा राहण्यापूर्वी तासभर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीआड बसलेला एक मध्यमवयीन शेतमजूर आरशाचा वीतभर तुकडा गुडघ्यांत धरून कपाळावर टिकली लावीत होता. ते दृश्य माझ्या मनातून अद्याप गेलेले नाही. कापसाच्या बोंडांनी ओरखडलेल्या त्याच्या बोटांनी साडीच्या निऱ्या अशा सफाईने बसविल्या की जन्मभर लुगडे नेसलेल्या बाईनेही क्षणभर पाहत राहावे. ढोलकीवाल्याशी बोलताना ओठांत धरलेली टाचणी त्याने पडू दिली नाही. पुढे तो उजेडात आला आणि प्रेक्षकांतून दोन निरनिराळी हसू उठली. जमिनीवर बसलेल्या बायाबापड्या त्याच्या बोलण्याला, म्हणजे नवऱ्याच्या दारूवर आणि मुकादमाच्या हिशेबावर त्याने मारलेल्या टोमण्यांना हसत होत्या. कडेला खुर्च्या टाकून बसलेली मानाची मंडळी मात्र त्याच्या चालण्याला हसत होती. खेळ एक, नट एक, आणि हास्ये दोन. कलेचा अर्थ कलाकृतीत जितका असतो तितकाच तो पाहणाराची बैठक कोठे आहे यावरही ठरतो, ही गोष्ट मला ग्रंथांनी पुष्कळ नंतर सांगितली.

ज्या ग्रंथाने ती सर्वांत स्पष्ट सांगितली तो जेम्स बाल्डविन या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखकाचा. 'द डेव्हिल फाइंड्स वर्क' हे त्यांचे पुस्तक 1976 साली प्रसिद्ध झाले आणि त्यात त्यांनी लहानपणापासून पाहिलेल्या चित्रपटांची झडती घेतली आहे. 1958 सालच्या 'द डिफायंट वन्स' या चित्रपटात एकाच साखळीने जखडलेले दोन कैदी, एक गोरा व एक काळा, तुरुंगातून पळतात. साखळी तुटते, आणि शेवटी काळा कैदी धावत्या आगगाडीवर चढून सुटलेलाच असतो, परंतु गोऱ्या सोबत्याचा हात निसटतो असे दिसताच तो सुटका सोडून गाडीवरून खाली उडी घेतो. शहरातील गोऱ्यांच्या चित्रपटगृहात या उडीने प्रेक्षकांना हायसे वाटले, टाळ्या पडल्या. हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील प्रेक्षक मात्र संतापाने ओरडले की अरे मूर्खा, गाडीवर परत चढ. बाल्डविन यांचे मर्मग्रहण असे की ती उडी काळ्या माणसाच्या स्वभावातून आलेली नव्हती. आपला द्वेष कोणी करीत नाही, आपल्याला क्षमा झालेली आहे, असे आश्वासन गोऱ्या प्रेक्षकाला हवे होते आणि ते पुरविण्यासाठी पटकथेने एका माणसाचे स्वातंत्र्य खर्ची घातले होते. समीक्षेतील पांडित्यपूर्ण परिभाषा कितीही उभी केली तरी हार्लेममधील त्या आरोळीइतकी नेमकी समीक्षा क्वचितच सापडेल.

बाल्डविन कृष्णवर्णीय होते तसेच समलिंगी होते, आणि ही दुसरी गोष्ट त्यांच्या स्वजनांनाही सहजासहजी पचली नाही. कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षात प्रमुख पदावर असलेल्या एल्ड्रिज क्लीव्हर यांनी 1968 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात याच कारणासाठी त्यांच्यावर अत्यंत कडवट हल्ला केला. जणू पुरुषार्थ सिद्ध झाल्याखेरीज गुलामगिरीविरुद्धची फिर्याद दाखलच होत नाही. या समजुतीला पक्षाच्या आतूनच उत्तर मिळाले, हे विशेष. बॉबी सील यांच्यासह 1966 साली ऑकलंड येथे पक्षाची स्थापना करणाऱ्या ह्यूई न्यूटन यांनी तुरुंगातून सुटल्यावर थोड्याच दिवसांत, 15 ऑगस्ट 1970 रोजी, स्त्रियांच्या आणि समलिंगी व्यक्तींच्या मुक्तिचळवळींविषयी भाषण केले. समलिंगी माणसे कदाचित समाजातील सर्वांत अधिक दडपलेली असतील, आपल्या मनात त्यांच्याविषयी जी धास्ती आहे ती आपणच तपासली पाहिजे, आणि त्यांना हिणविणारे शब्द आपल्या बोलण्यातून काढून टाकले पाहिजेत, असे त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना बजावले. यानंतर 1977 मध्ये बॉस्टनच्या कोंबाही रिव्हर कलेक्टिव्हने, ज्या मंडळात कृष्णवर्णीय समलिंगी स्त्रिया अग्रभागी होत्या, आपले निवेदन लिहिले. वर्ण, वर्ग, लिंग आणि लैंगिकता यांची जाचक बंधने एकमेकांत गुंफलेली आहेत, म्हणून एकेका धाग्याची सुटी कैफियत मांडून सुटका होत नाही, हे त्यातील प्रतिपादन. मंडळाने नाव घेतले ते हॅरिएट टबमन यांनी 1863 साली ज्या नदीकाठच्या मोहिमेत शेकडो गुलामांची मुक्तता घडवून आणली तिचे.

मराठी मुलुखाला अमेरिकेतील या लढ्याची ओळख नवी नाही. जोतीराव फुले यांनी 1873 सालची 'गुलामगिरी' अमेरिकेतील दास्यविमोचनासाठी झटलेल्या सदाचारी लोकांस अर्पण केली, डॉ. आंबेडकरांनी 1946 साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांपुढे नेल्या जाणाऱ्या निग्रोंच्या अर्जाविषयी विचारणा केली. औरंगाबादच्या नागसेनवनात प्राचार्य म. ना. वानखेडे आणि 'अस्मितादर्श'चे संपादक गंगाधर पानतावणे यांच्या पिढीने निग्रो साहित्याची चर्चा दलित साहित्याच्या उंबरठ्यावर आणून ठेवली; जनार्दन वाघमारे यांचा या विषयावरील ग्रंथ 1978 साली आला. दरम्यान 1972 च्या उन्हाळ्यात मुंबईत नामदेव ढसाळ आणि ज. वि. पवार यांनी थेट ब्लॅक पँथर पक्षाच्या नावावरून दलित पँथर उभी केली होती, आणि त्याच वर्षी 15 ऑगस्टला, म्हणजे न्यूटन यांच्या भाषणानंतर बरोबर दोन वर्षांनी, राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख 'साधना' साप्ताहिकात छापून आला. त्याने महाराष्ट्रात मोठा गदारोळ उडाला. पँथरच्या 1973 च्या जाहीरनाम्याने 'दलित' या शब्दाची व्याप्ती अनुसूचित जातीजमाती, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी आणि स्त्रिया यांच्यापर्यंत नेली, हे त्याचे मोठेपण होय. परंतु ऑकलंडहून आपण बंडाचे नाव आणले, बाणा आणला, आणि 15 ऑगस्ट 1970 चे ते भाषण मात्र आणले नाही, हे मला खेदाने नमूद करावेसे वाटते. पुरुषाचा अवमान आपण बारकाईने वाचला. पुरुषपणाच्याच जाचाखाली चेपलेल्या माणसाचा अवमान वाचायचा राहून गेला.

त्याच 1972 साली आमच्या शहादे भागात श्रमिक संघटना उभी राहिली. सालदारकीत पिढ्यान्‌पिढ्या अडकलेल्या आदिवासींनी हातून गेलेल्या जमिनी परत मागितल्या, मजुरीसाठी संप केले, आणि त्यांच्या बायकांनी दारूच्या भट्ट्या फोडल्या. जत्रेतल्या सोंगाड्याच्या दारूवरील टोमण्याला बाया इतक्या जोराने का हसतात याचा उलगडा या इतिहासावाचून होत नाही. या संघटनेतूनच वाहरू सोनवणे हे भिल्ल कवी पुढे आले. त्यांच्या 'गोधड' या संग्रहाने भिली बोलीला आणि आदिवासी अनुभवाला मराठी कवितेत हक्काची जागा मिळवून दिली. 'स्टेज' ही त्यांची कविता अनेक भाषांत गेली. तिचा आशय थोडक्यात असा की आम्हांला मंचावर कोणी बोलाविलेच नाही, आमची जागा खाली दाखविण्यात आली, आणि मंचावरचे लोक आमचेच दुःख आम्हांला सांगत राहिले. हार्लेममधील चित्रपटगृह आणि शहाद्याची सभा यांत हजारो कोसांचे अंतर आहे, पण खाली बसलेल्या माणसाची ही नजर एकाच जातीची आहे.

ही नजर घेऊन आपण आपल्याच करमणुकीकडे पाहू लागलो की पहिला अडखळा येतो तो नाच्यापाशी. तमाशातील नाच्या, पुरुषी देहाने बायकी हावभाव करणारा, शतकभर मराठी माणसाला हसवीत आला. गणपत पाटील यांनी चित्रपटांत ती भूमिका इतक्या सामर्थ्याने वठविली की पडद्याबाहेर संसारी गृहस्थ असलेल्या या नटाला आणि त्याच्या कुटुंबाला लोकांची हेटाळणी सोसावी लागली. याउलट संगीत नाटकांत स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांची साडी नेसण्याची ढब प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांनी उचलली, त्यांच्या स्त्रीरूपाला सौंदर्याचा मानदंड मानण्यात आले आणि 1955 मध्ये राष्ट्रपती पारितोषिकही मिळाले. वस्त्र तेच, पुरुषदेह तोच. एकाला गंधर्वपद आणि दुसऱ्याला शिवी. बालगंधर्वांच्या अलौकिक गळ्याला माझा साष्टांग नमस्कार आहे, तथापि हा भेद केवळ गळ्याचा नव्हे. संगीत नाटकाचा प्रेक्षक आणि तमाशाचा कलावंत कोणकोणत्या जातींतून येत होता, याची पाहणी केल्यावाचून तो समजणार नाही. तमाशातील दलित स्त्रियांच्या देहावर जात आणि अश्लीलतेचा शिक्का कसा एकत्र मारला गेला हे शैलजा पाईक यांनी 2022 सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात सप्रमाण दाखविले आहे. नाच्याचा प्रश्न त्याच ओसरीवर बसलेला आहे.

आता 2010 मध्ये प्रदर्शित झालेला 'नटरंग' पाहू. आनंद यादव यांच्या कादंबरीवर रवी जाधव यांनी केलेला आणि अतुल कुलकर्णी यांच्या विलक्षण देहपरिश्रमाने उभा राहिलेला हा चित्रपट मला मनापासून मोठा वाटतो. पिळदार शरीराचा मजूर गुणा राजाची भूमिका करण्याची स्वप्ने पाहतो. फडाला नाच्या हवा म्हणून तो नाच्या होतो आणि त्याची अवहेलना होते, त्याच्यावर अत्याचार होतो. प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी येते. पण बाल्डविन यांचा प्रश्न येथे विचारून पाहावा: हे अश्रू कोणाला हायसे वाटावे म्हणून आहेत? गुणा बायकोमुलाचा आहे, त्याची मर्दानगी आपण सुरुवातीलाच डोळे भरून पाहिलेली आहे, म्हणून त्याचा छळ आपल्याला अन्याय वाटतो. गैरसमजाचा बळी ठरलेला पुरुष म्हणून आपण त्याला जवळ करतो. गुणा खरोखरच पुरुषावर प्रेम करणारा असता, किंवा अंतर्यामी स्त्री असता, तर त्याच चित्रपटगृहात किती डोळे ओले झाले असते? ज्या माणसाच्या बाबतीत तो 'गैरसमज' नसून सत्य आहे, असा एखादा माणूस त्या अंधारात तिकीट काढून बसलेला होताच, आणि त्याला पडद्यावरून आपल्या वाट्याचे काहीच मिळाले नाही. चित्रपटाची थोरवी यामुळे कमी होत नाही. त्याची कड मात्र दिसते.

कायद्याने पावले टाकली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली आणि 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध कलम 377 च्या गुन्ह्यातून वगळले. साहित्यातही मंचाखालची माणसे स्वतः बोलू लागली आहेत. तृतीयपंथी लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे आत्मकथन मराठीत आहे. दिशा पिंकी शेख या पारलिंगी कवयित्रीने कवितेबरोबरच वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्तेपदाची जबाबदारीही घेतली, आणि आंबेडकरी राजकारणाच्या मंचावर जातीची व लिंगभावाची फिर्याद एकाच तोंडून ऐकू आली. न्यूटन यांचे ते भाषण आपल्याकडे उशिरा, पण आपल्याच माणसाच्या तोंडून आणि आपल्याच बोलीत पोहोचले, असे मी समजतो.

ट्रॉलीआड बसलेल्या त्या कलावंताला मी त्या रात्री काही विचारले नाही. खेळ संपल्यावर त्याने तोंड धुतले, साडीची घडी करून पिशवीत घातली, आणि पहाटे मजुरीला जायचे म्हणून तो निघून गेला. तापीच्या खोऱ्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, खानदेशात किंवा आणखी कोठे, तुमच्या गावात स्त्रीवेष घेऊन आयुष्य घालविलेला एखादा वृद्ध सोंगाड्या वा नाच्या अजून असेल, तर एखाद्या सुट्टीत त्याच्यापाशी जाऊन बसा. त्याची परवानगी घेऊन त्याची हकीकत त्याच्याच बोलीत लिहून ठेवा, आणि लिहिलेले आधी त्याला वाचून दाखवा.