घुमटाखालची चित्रशाळा

रिगल सिनेमासमोरच्या चौकातून महात्मा गांधी मार्गाने उत्तरेकडे निघाले, म्हणजे उजव्या हातास छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा बगीचा आणि त्यामागचा भव्य घुमट दिसू लागतो, आणि सहलीस आलेल्या शाळकरी मुलांच्या रांगांपासून परदेशी प्रवाशांपर्यंत साऱ्यांचा ओघ तिकडेच लोटतो. डाव्या हातास, जवळजवळ त्याच्या पुढ्यातच, पिवळसर दगडाची जी दुसरी भारदस्त इमारत उभी आहे, तिच्याकडे क्वचितच कोणाची दृष्टी जाते. दोन्ही वास्तूंचे आराखडे जॉर्ज विटेट या एकाच वास्तुविशारदाच्या हातचे. डावीकडची वास्तू म्हणजे सर कावसजी जहांगीर सभागृह, आणि 1996 पासून तेथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा नांदते आहे. (हाकेच्या अंतरावरील जहांगीर आर्ट गॅलरीसही त्याच दानशूर पारशी घराण्याचे नाव असल्यामुळे टॅक्सीवाले पुष्कळदा उतारूस भलत्याच दारी सोडतात, चित्रकाराने त्याचे वैषम्य मानू नये, कारण दोन्हीकडे चित्रेच आहेत.)

हे सभागृह विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, शेजारच्या विज्ञान संस्थेसमवेत, कावसजी जहांगीर यांच्या देणगीच्या आधाराने उभे राहिले, आणि पुढे कित्येक वर्षे मुंबईच्या सार्वजनिक जीवनात त्याचा मान मोठा होता. राजकीय सभा तेथे गाजल्या, संगीताच्या मैफली रंगल्या. नंतर अधिक सोयीची प्रेक्षागृहे झाली तसतसा येथला राबता ओसरला, आणि या मानाच्या सभास्थानी मुष्टियुद्धाचे सामने, स्वस्तातले स्वागतसमारंभ आणि चामड्याच्या वस्तूंचे सेल भरू लागले. ही अवकळा पाहून, येथे आधुनिक कलेचे संग्रहालय व्हावे म्हणून ज्यांनी सरकारदरबारी तगादा लावला त्यांत केमोल्ड गॅलरीचे केकू गांधी आणि शिल्पकर्त्री पिलू पोचखानवाला ही नावे अग्रभागी होती. तजवीज मंजूर झाली, वास्तुविशारद रोमी खोसला यांच्याकडे काम सोपवले गेले, आणि नूतनीकरणास सुमारे 12 वर्षे लागली. पोचखानवाला 1986 सालीच निवर्तल्या; दरवाजे उघडलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

खोसला यांच्यापुढील अडचण सामान्य नव्हती. सहस्र डोळे एका वक्त्याकडे वळावेत अशा हेतूने सभागृह बांधलेले असते, आणि चित्रशाळेत तर प्रत्येक डोळ्यास आपापली भिंत हवी. त्यांनी बाहेरचे कवच कायम राखून आतल्या पोकळीत दालने एकावर एक चढवली, ती वळणदार जिन्यांनी जोडली आणि माथ्यावर, घुमटाखाली, अखेरचे वर्तुळाकार दालन ठेवले. माझ्यातल्या चित्रकाराचे या रचनेशी प्रथमदर्शनी पटत नाही. कॅनव्हास सपाट, चौकट काटकोनी. ती वक्र भिंतीवर टांगली की तिच्या कडा भिंतीपासून किंचित सुटतात, त्यांच्यामागे सावलीची एक बारीक रेघ पडते, आणि चित्रकाराने न काढलेली ती रेघ नजरेस पुनःपुन्हा टोचत राहते. पण एक मजला वर चढून कठड्यापाशी उभे राहावे, खालचे चित्र तिरप्या अंतरावरून पाहावे, आणि मग या वास्तूवरचा राग निवळू लागतो. मुंबईत चित्रकाराची खोली ती केवढी! चित्रापासून चार पावले मागे सरकले की पाठ कपाटास लागते. आपले चित्र दुरून कसे दिसते हे त्यास प्रदर्शन लागेपर्यंत कळत नाही. या जिन्यांवर ती चैन फुकट मिळते. जवळून जो निव्वळ रंगाचा थर भासला तो वरून पाहता आकार धारण करतो, आणि जवळून ज्याच्या कारागिरीने भुरळ घातली त्या चित्रातला रचनेचा पोकळपणाही वरूनच उघडा पडतो.

फेब्रुवारी 2019 मध्ये येथे प्रभाकर बरवे यांच्या चित्रांचे ‘इनसाइड द एम्प्टी बॉक्स’ हे प्रदर्शन भरले होते. बरवे म्हणजे ‘कोरा कॅनव्हास’चे लेखक; उपजीविकेसाठी वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये विणकरांकरिता नक्षी करणारे आणि पाने, घड्याळे, किल्ल्या अशा नित्याच्या वस्तूंना त्यांच्या नित्याच्या जागेवरून उचलून एका निर्वात अवकाशात मांडणारे गृहस्थ. ते एनॅमल रंग वापरीत. हा रंग एरवी लोखंडी कपाटांस आणि दुकानांच्या पाट्यांस लावतात. वाळल्यावर त्यास काचेसारखी लकाकी येते, आणि त्यामुळे ही चित्रे एका जागी खिळून पाहता येतच नाहीत. दिव्याचे प्रतिबिंब टाळण्यासाठी पाऊल हलवावे लागते, पाऊल हलले की दोन आकारांमधली मोकळी जागा निराळी वाटते, आणि ती मोकळी जागाच चित्राचा खरा विषय होता हे ध्यानी येते. छापील पुस्तकातून हे कळणे अशक्य.

आणि छापील पुस्तकावर भिस्त ठेवण्याचीच पाळी या नगरीतील कलाविद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांवर आली. जे. जे. कलाशाळा 1857 ची, बॉम्बे आर्ट सोसायटी 1888 ची. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची मुहूर्तमेढ रोवली तीही 1947 साली येथेच. पण राष्ट्रीय संग्रहालय 1954 मध्ये दिल्लीच्या जयपूर हाऊसमध्ये स्थापन झाले, आणि मुंबईच्या वाट्यास त्याची शाखा यावयास 42 वर्षे लोटली. तोवर सूझा लंडनला आणि रझा पॅरिसला जाऊन जुने झाले होते. त्यांची चित्रेही दूरदूर पांगली होती. अमरावती जिल्ह्यातले गाडे आणि नागपुरात जन्मलेले गायतोंडे या चित्रकारांची नावे सुशिक्षित मराठी घरांत आजही बिचकतच घेतली जातात, यास हा विलंबही काही अंशी कारण आहे असे माझे मत आहे.

येथे बहुतांशी तात्पुरती प्रदर्शने भरतात, म्हणून कोणत्या दिवशी काय पाहावयास मिळेल याची हमी देता येत नाही. माझ्या अनुभवात, ज्या वेळी ही इमारत तळापासून घुमटापर्यंत एकाच चित्रकारास वाहिलेली असते, त्या वेळी ती सर्वांत शोभते. शंभर हातांची शंभर चित्रे एकत्र आली की जिने चढता चढता नजर बधिर होते. एक दालन तरी मुंबईत घडलेल्या चित्रकारांसाठी कायमचे राखून ठेवावे, ही आम्हा चित्रकारांची इच्छा रास्त आहे, आणि नागरिकांनी तिचा पाठपुरावा करावा.

तोवर निदान एवढे करावे: मुलांना समोरचे वस्तुसंग्रहालय दाखवून झाल्यावर रस्ता ओलांडावा, प्रथम थेट घुमटापर्यंत चढावे आणि सावकाश उतरत पाहावे. सोमवारी संग्रहालय बंद असते.