शेजारधर्म आणि वाय-फाय

डमडमसारख्या दाट वस्तीत वाय-फायच्या लहरी शेजारची भिंत जुमानत नाहीत. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांसंबंधीचा धमकीचा ई-मेल सानपाड्यातील एका घराच्या असुरक्षित वाय-फायवरून गेला आणि तपास प्रथम त्याच दारी पोहोचला.

शेजाऱ्यास जोडणी द्यावयाचीच असेल, तर राउटरवरील ‘गेस्ट नेटवर्क’ वेगळ्या पासवर्डने सुरू करावे. त्याचे उपकरण इंटरनेटपर्यंत जाते; ज्यावर आपण बँकेचे व्यवहार करतो, त्या संगणकापर्यंत सहसा पोहोचत नाही. सुरक्षेसाठी ‘डब्ल्यूपीए-२’ किंवा ‘डब्ल्यूपीए-३’ निवडावे. जुन्या ‘डब्ल्यूईपी’चे कुलूप २००१ मध्येच फुटले. मात्र बाहेरच्या जगाला दोन्ही घरांचा आयपी पत्ता एकच, म्हणजे आपलाच, दिसतो. म्हणून अल्पपरिचितास स्वतःची जोडणी घेण्यास सुचविणेच बरे. त्यात शेजारधर्म बुडत नाही.