वळिवाचा इशारा कसा वाचावा : हैदराबादच्या अनुभवाच्या आधारे

प्रास्ताविक

एप्रिल-मे महिन्यांत दख्खनच्या पठारावर दुपारपर्यंत कडक ऊन आणि सायंकाळी विजा-वाऱ्यासह वळीव, हा क्रम जुनाच आहे. याच दिवसांत महाविद्यालयांत परीक्षा व प्रवेशाची कामे चालू असतात. हवामान खात्याचा इशारा येतो, परंतु त्यातील शब्दांचा नेमका अर्थ माहीत नसतो. मग एक तर तो दुर्लक्षिला जातो, किंवा आपल्या मोहल्ल्यात पाऊस न पडल्यास 'अंदाज चुकला' असे म्हटले जाते. वस्तुतः इशाऱ्यातील 'मुसळधार', 'तुरळक' हे शब्द बोलीतले नसून पारिभाषिक आहेत. इशारा बहुधा इंग्रजीत व राज्यभाषेत येतो. विद्यार्थ्याच्या घरात मात्र उर्दू किंवा मराठी बोलली जाते. त्यामुळे त्याचा अर्थ समजावून देण्याची जबाबदारी पुष्कळदा शिक्षकावर येते.

वळीव आणि मोसमी पाऊस

'मोसमी' या शब्दाचे मूळ अरबी 'मौसिम' म्हणजे ठरावीक काळ, ऋतू. मोसमी पाऊस ऋतूच्या वाऱ्यांबरोबर येतो व मोठ्या प्रदेशावर पसरतो. वळिवाचे तसे नाही. तापलेल्या जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर चढते. समुद्रावरून आलेली आर्द्रता तिला मिळाली की काही तासांत दहा-बारा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो. पाऊस पडू लागला की थंड हवा वेगाने खाली कोसळते व जमिनीवर चहूबाजूंना पसरते. सरीपूर्वी येणारी सोसाट्याची वावटळ ती हीच. असा ढग काही किलोमीटरच रुंद असतो. म्हणून एका वस्तीत रस्ते तुंबतात आणि शेजारच्या वस्तीत धूळही बसत नाही.

शब्दांमागील मोजमाप

भारतीय हवामान खात्याच्या परिभाषेत 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर पाऊस म्हणजे 'मुसळधार', 115.6 ते 204.4 मिलिमीटर म्हणजे 'अतिमुसळधार' आणि त्याहून अधिक म्हणजे 'अत्यंत मुसळधार'. 'तुरळक ठिकाणी' याचा अर्थ त्या विभागातील 25 टक्क्यांपर्यंतच्या केंद्रांवर. पाऊस थोडा पडेल, असा त्याचा अर्थ नाही. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझ केंद्रावर 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली, तर त्याच शहरातील कुलाबा केंद्रावर सुमारे 73 मिलिमीटर. तो पाऊस मोसमातील होता, तरीही एका शहरात एवढा फरक पडला. वळिवात तो अधिकच संभवतो.

रंगांचा अर्थही समजून घ्यावा लागतो. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा आणि लाल म्हणजे कृती करा. रंग ठरविताना पावसाच्या आकड्याबरोबर संभाव्य परिणामाचाही विचार होतो.

24 तासांच्या आकड्यातून एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे पाऊस किती वेळात पडला. एक चौरस किलोमीटरवर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर 10 कोटी लिटर पाणी साचते. ते दिवसभरात पडले तर नाले वाहून नेऊ शकतात. तासाभरात पडले तर सखल वस्तीत शिरते. पाऊस सुरू झाल्यापासून साधारण सहा तासांच्या आत येणाऱ्या अशा पुराला 'अचानक पूर' म्हणतात.

हैदराबादचा अनुभव

28 सप्टेंबर 1908 रोजी मुसी नदीला आलेल्या महापुरात सुमारे 15 हजार लोक मृत्युमुखी पडले, असे सामान्यतः मानले जाते. प्रसिद्ध रुबाईकार अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी व मुलगी त्या पुरात वाहून गेली. पुढे निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. त्यांच्या योजनेतून 1920 मध्ये उस्मानसागर व 1927 मध्ये हिमायतसागर हे जलाशय पूर्ण झाले.

हे जलाशय शहराच्या वरच्या बाजूस आहेत. नदीच्या वरच्या खोऱ्यातून येणारे पाणी ते अडवितात. शहरावरच पडणारा पाऊस त्यांच्या खाली पडतो आणि तो नाले व लहान तलावांतूनच वाहतो. 13 व 14 ऑक्टोबर 2020 रोजी बंगालच्या उपसागरातील तीव्र कमी दाबाच्या क्षेत्रामुळे शहरात अत्यंत मुसळधार पाऊस झाला. त्या वेळी तलाव फुटून व ओसंडून जुन्या शहरालगतच्या हाफिजबाबानगरसारख्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. उन्हाळ्यातील वळीवही कमी घातक नाही. 7 मे 2024 रोजी सायंकाळच्या पावसात बाचुपल्ली येथे भिंत कोसळून तिच्या आडोशाला राहणारे सात जण दगावले. तात्पर्य, नदीचा धोका बांधकामाने कमी करता आला. नाला, तलाव आणि कच्ची भिंत यांच्यापासून वाचण्यासाठी वेळेवर मिळालेला व समजलेला इशाराच उपयोगी पडतो.

महाविद्यालयात काय करावे

इशारा तीन टप्प्यांत येतो. तीन ते पाच दिवस आधीचा अंदाज केवळ शक्यता सांगतो. त्यावरून परीक्षेच्या वेळापत्रकाचा पर्याय मनात ठेवावा. आदल्या दिवशीचा जिल्हावार रंगीत इशारा आला की नाल्याकाठी राहणाऱ्या व दुरून येणाऱ्या विद्यार्थ्यांची यादी हाताशी असावी. शेवटचा असतो पुढील तीन तासांचा तातडीचा अंदाज. वळिवाच्या बाबतीत खरी उपयुक्तता याचीच, कारण ढग उभा राहिल्याखेरीज तो कोणत्या वस्तीवर बरसेल हे सांगता येत नाही. त्यात ताशी 62 ते 87 किलोमीटर वाऱ्याची शक्यता असलेले वादळ 'तीव्र' समजतात. विजेची सूचना देणारे 'दामिनी' हे मोबाइल अॅप पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केले आहे.

वर्ग सोडण्याची घाई हीच अनेकदा चूक ठरते. वीज चमकल्यापासून 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज साधारण 10 किलोमीटरच्या आत आहे. अशा वेळी विद्यार्थ्यांना पक्क्या इमारतीतच थांबवावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे जाऊ द्यावीत. झाडाखाली, पत्र्याच्या आडोशाला किंवा जुन्या भिंतीलगत कोणी उभे राहू नये. वाहते पाणी घोट्याच्या वर असेल तर रस्ता ओलांडू नये. गढूळ पाण्याखाली उघडे गटार दिसत नाही, आणि फूटभर वाहते पाणीही लहान मोटार ढकलू शकते.

समारोप

इशारा आला आणि आपल्या दारी पाऊस पडला नाही, तर तो खोटा ठरला असे होत नाही. तो बहुधा शेजारच्या वस्तीत पडलेला असतो. एवढी एक गोष्ट विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोहोचली, तरी पुढचा इशारा अधिक गांभीर्याने ऐकला जाईल. त्यासाठी वेगळ्या अभ्यासक्रमाची गरज नाही. मार्च महिन्यात एक तासिका आणि सूचना फलकावर चार रंगांचा तक्ता, एवढ्याने सुरुवात करता येते.