लिनक्स अपग्रेडनंतर डेटा बिघडला? आधी हात थांबवा, मग दुरुस्ती

लायसन्सचा खर्च नको आणि जुना पीसीही वापरात राहावा, म्हणून आपल्यापैकी बऱ्याच जणांनी दुकानात किंवा ऑफिसात लिनक्स टाकलंय. बिलिंग, स्टॉकच्या शीट, पगाराचा हिशोब सगळं त्यावरच. अडचण एवढीच, की "लिनक्स आहे ना, मग काही होत नाही" म्हणून बॅकअप न घेताच अपग्रेड करणारेही भरपूर आहेत. आजच्या व्हिडिओत जे दाखवलं, ते इथे सविस्तर लिहितो.

आधी समजून घ्या, बिघडतं काय?

तुमच्या डिस्कवर एक फाईलसिस्टम असते. लिनक्सवर बहुतेक वेळा ती ईएक्सटी४ असते. तिला खतावणी समजा. खतावणीत पुढे अनुक्रमणिका असते, कुणाचं खातं कोणत्या पानावर ते सांगणारी, आणि मागे प्रत्यक्ष नोंदींची पानं असतात.

बिघाडही दोन प्रकारचा असतो. एक, अनुक्रमणिका चुकते. मग फाईल सापडत नाही, फोल्डर उघडत नाही, मशीन चालूच होत नाही. दुसरा, अनुक्रमणिका ठीक असते, पण पानावरची नोंदच चुकीची असते. हा दुसरा प्रकार जास्त घातक, कारण तो लगेच कळत नाही.

खरं उदाहरण: डिसेंबर २०२३

९ डिसेंबर २०२३, शनिवार. डेबियन १२.३ त्या दिवशी यायचं होतं. पण त्यातल्या कर्नल ६.१.६४ मध्ये ईएक्सटी४ वरचा डेटा खराब करणारा दोष सापडला. डेबियनने रिलीज थांबवलं आणि लोकांना सांगितलं, की आत्ता अपडेट करू नका, आपोआप होणारं अपडेटही बंद ठेवा. दुसऱ्याच दिवशी, १० तारखेला, दुरुस्त कर्नल ६.१.६६ घेऊन डेबियन १२.४ आलं.

दोष काय होता? फाईलमध्ये लिहिताना "इथपर्यंत लिहून झालं" अशी खूण कर्नल ठेवतो. थेट डिस्कवर लिहिण्याच्या एका विशिष्ट पद्धतीत ही खूण पुढे सरकतच नव्हती. मग पुढचा मजकूर आधीच्याच जागी जाऊन बसणार. नव्या कर्नलमधली एक दुरुस्ती जुन्या ६.१ मालिकेत आणली होती, पण ती ज्या दुसऱ्या बदलावर अवलंबून होती, तो बदल आणायचा राहिला होता. म्हणजे डिस्क चांगली, वीज गेलेली नाही, वापरणाऱ्याची चूक नाही, तरी डेटा धोक्यात!

आता आपल्या बाजूने बघा. सोमवारी ११ तारीख, म्हणजे दरमहा रिटर्न भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ची शेवटची तारीख. अशा वेळी बिलांची फाईल बिघडली तर?

अपग्रेडनंतर शंका आली तर काय करायचं?

१. काम थांबवा. बिलिंग बंद करा. प्रत्येक नवीन नोंद जुना डेटा पुसू शकते. सारखं रिस्टार्ट करून बघू नका.

२. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन चालू करा, म्हणजे दुकानाच्या डिस्कवर काही लिहिलं जाणार नाही.

३. दुरुस्तीच्या आधी कॉपी. आहे तो डेटा दुसऱ्या डिस्कवर घ्या. डिस्कची स्मार्ट तपासणीही करा. बऱ्याचदा दोष अपग्रेडचा नसतो, डिस्कच म्हातारी झालेली असते. डिस्क खराब निघाली तर तिच्यावर दुरुस्ती करू नका, आधी डीडीरेस्क्यूने संपूर्ण प्रत काढा.

४. मग एफएससीके. चालू, म्हणजे माउंट असलेल्या डिस्कवर ही कमांड कधीच चालवायची नाही. आधी फक्त तपासणी करणाऱ्या पर्यायाने चालवा, काय चुकलंय ते वाचा, मगच दुरुस्ती करा. कमांडचं स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर दिलंय.

५. कर्नलवर संशय असेल तर मशीन सुरू होताना ग्रबच्या मेनूत "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स" मध्ये जा. जुना कर्नल साधारणपणे तिथे असतो, तो निवडा. त्याने पुढचं नुकसान थांबेल, झालेलं भरून येणार नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. एफएससीके अनुक्रमणिका दुरुस्त करतं, तुमच्या नोंदी नाही. "क्लीन" असा शेरा आला म्हणजे बिलातले आकडे बरोबर आहेत असं नाही. ते तुम्हालाच जुळवावे लागतील: शेवटचा बिल नंबर, महिन्याची एकूण विक्री, जीएसटी पोर्टलवर भरलेले आकडे, बँकेचं स्टेटमेंट.

पुढच्या अपग्रेडआधी

- तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुकानाबाहेर. काम झालं की बाहेरची डिस्क काढून ठेवा.
- जुन्या तारखांच्या प्रती ठेवा. फक्त सिंकवर विसंबून राहिलात, तर बिघडलेली फाईल चांगल्या फाईलच्या जागी जाऊन बसेल.
- मोठं अपग्रेड आलं त्याच दिवशी घेऊ नका, थोडे दिवस जाऊ द्या. सुरक्षेची अपडेट मात्र महिनोन्‌महिने लांबवू नका. दोन मशीन असतील तर आधी कमी महत्त्वाच्या मशीनवर करून बघा.
- रिटर्नच्या तारखांच्या आसपास अपग्रेड नको. ११ आणि २० तारीख टाळाच.
- यूपीएस असू द्या आणि डिस्कवर मोकळी जागा किती आहे तेही बघा. अपग्रेडच्या मध्येच लाईट गेली तर सिस्टीम अर्धवट राहते.

आणि हो, जीएसटी कायद्यानुसार हिशोबाच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायच्या असतात. "अपग्रेडमध्ये उडाल्या" हे उत्तर अधिकाऱ्यासमोर चालत नाही.

आज दुकान बंद करण्याआधी एवढंच करा: बॅकअपमधली मागच्या महिन्याची एक फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा आणि एकूण विक्री जुळते का बघा. जुळली तर अपग्रेडचा विचार करा. नाही जुळली, तर आधी बॅकअप नीट लावा. अपग्रेड पुढच्या आठवड्यात केलं तरी चालतं.