दहा बाय दहाच्या खोलीत कैरो

२०१८ साली ‘सत्यमेव जयते’मधलं ‘दिलबर’ गाजलं आणि बेली डान्स हा शब्द लग्नाच्या संगीतापासून शाळेच्या गॅदरिंगपर्यंत सगळीकडे जाऊन पोचला. त्यात नाचणारी नोरा फतेही मोरोक्कन कुटुंबातली, कॅनडात वाढलेली. नाचाचं रीतसर शिक्षण आपण घेतलं नाही, घरात व्हिडिओ बघून शिकलो, असं तिने मुलाखतींतून सांगितलं आहे. म्हणजे तिला बघून सोलापुरातली एखादी मुलगी फोन उघडत असेल, तर ती जगावेगळं काही करत नाही. नोराही त्याच वाटेने आली.

भवानी पेठेसारख्या दाट वस्तीत ही वाट सोयीचीही आहे. सोलापूरच्या या पूर्व भागाला घरातच सगळं उरकायची जुनी सवय. एके काळी हातमाग घरात असायचे. विडी कामगार बायका आजही पानं-तंबाखू घरी आणून विड्या वळतात. स्वयंपाक आणि काम यांच्या मधला दुपारचा तास मोकळा मिळाला, दार लोटलं आणि कानात इअरफोन घातले की क्लास सुरू. फी, येण्याजाण्याचा वेळ आणि ‘कुठं चाललीस?’ हा प्रश्न, तिन्ही वाचतात. २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला, २०२०च्या टाळेबंदीत जगभरच्या नृत्यशिक्षकांनी वर्ग पडद्यावर आणले, आणि कैरो किंवा कॅलिफोर्नियातला धडा सोलापुरातल्या फोनवर उघडू लागला.

गंमत अशी, की हा नाच मुळात घरातलाच. इजिप्तमध्ये लग्नाला, बारशाला बायका जमतात, कुणीतरी दरबुका हा हाताने वाजवायचा ढोल वाजवतं, कुणीतरी कंबरेला ओढणी बांधून उठतं. आपल्याकडे मंगळागौर जागवताना जे होतं, त्याचीच ही चुलत बहीण. तिथे प्रेक्षक वेगळा नसतो. आत्ता टाळ्या वाजवणारी थोड्या वेळाने नाचणार असते.

रंगमंचावरचा, चमकदार पोशाखातला नाच पुष्कळ नंतरचा. बदिया मसाबनी या बाईंनी १९२६ मध्ये कैरोत आपला कॅसिनो, म्हणजे नाचगाण्याचा क्लब, उघडला आणि घरातल्या नाचाला मोठं स्टेज, वाद्यवृंद, हातांच्या लांब हालचाली आणि स्टेजभर फिरण्याची पावलं मिळाली. तहिया कारिओका आणि सामिया गमाल तिथूनच पुढे आल्या आणि इजिप्शियन सिनेमाच्या तारका झाल्या. हिंदी सिनेमाने त्याची छटा उचलली. ‘शोले’तल्या (१९७५) ‘मेहबूबा मेहबूबा’मधली हेलन आठवावी.

नाचणाऱ्या बाईकडे समाजाने कसं पाहायचं, हा प्रश्न तिथेही सुटलेला नव्हता. त्याच्या कितीतरी आधी, १८३४ मध्ये, इजिप्तचा शासक मुहम्मद अली याच्या राजवटीने जाहीर नाचणाऱ्या स्त्रियांना कैरोतून हाकललं. दक्षिणेकडच्या एस्नासारख्या गावांत त्या जाऊन राहिल्या. सोलापूर जिल्ह्यातल्या वाचकाला हे फार समजावून सांगायला नको. मोडनिंबच्या लावणीच्या संगीत बाऱ्या याच जिल्ह्यातल्या, अकलूजची लावणी स्पर्धाही इथलीच. स्पर्धेत बक्षीस मिळवणाऱ्या कलावंतिणीला गावात मान किती मिळतो, हे ज्याचं त्याला ठाऊक. त्यात २००५ साली राज्याने डान्सबारवर बंदी आणली, पुढे न्यायालयाने ती रद्द ठरवली; या सगळ्यात ‘कंबर हलवणं’ हा शब्दप्रयोगच बदनाम झाला. घरात दार लोटून शिकण्यामागे फक्त सोय नाही, हा धाकही आहे.

आता प्रत्यक्ष शिकण्याकडे. हा नाच पारंपरिक पद्धतीने कुणी पाठांतरासारखा शिकवत नसे. मुली बघून, अंगात मुरवून शिकत. साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकेत जमीला सलीमपूर यांनी त्याच्या हालचाली सुट्या केल्या, त्यांना नावं दिली, क्रम लावला. त्यांची मुलगी सुहैला हिने त्याला आणखी काटेकोर पद्धतीचं रूप दिलं. नाच असा तुकड्यांत बसवला गेला, म्हणूनच त्याचे दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ होऊ शकले. ऑनलाइन धड्यांची ताकद यात आहे, आणि त्यांची मर्यादाही.

उदाहरण शिमीचं, म्हणजे कंबरेच्या जलद थरथरीचं, घ्या. पावलं जमिनीला टेकलेली, गुडघे किंचित सैल. उजवा गुडघा सरळ होतो तेव्हा डावा वाकतो, मग उलट. कंबर मुद्दाम हलवायची नाही, ती गुडघ्यांमागून येते. नव्या माणसाच्या चुका ठरलेल्या: श्वास रोखणं, खांदे कानापर्यंत चढवणं आणि पाठीला खोल बाक देणं. हा बाक वाईट, दुसऱ्या दिवशी कंबर धरते. व्हिडिओचा वेग निम्मा करून आरशासमोर उभं राहिलं, की चूक निदान दिसते तरी. कंबरेला जुनी ओढणी बांधली तर हालचाल आणखी स्पष्ट कळते. नाण्यांचा पट्टा विकत घ्यायची घाई नको.

इथेच एक गोंधळ होतो. एक शिक्षिका सांगते गुडघ्यातून शिमी कर, दुसरी सांगते नितंबाचे स्नायू आळीपाळीने आवळ. दोघी बरोबर असतात. पहिली इजिप्शियन ढंगाची, दुसरी सुहैला सलीमपूरच्या पद्धतीची. रोज नवा व्हिडिओ उघडणारीला हे कळत नाही आणि ती दोन्हींची खिचडी करते. निदान पहिले काही महिने एकाच शिक्षिकेला धरून राहावं. ‘सात दिवसांत पोट सपाट’ म्हणणारे धडे मात्र सरळ पुढे ढकलावेत. पोटाचा व्यायाम केला म्हणून नेमकी पोटावरचीच चरबी जाते असं शरीर चालत नाही. मणक्याचा त्रास असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

तालाच्या बाबतीत आपल्याकडच्या मुलींना आयता फायदा आहे. इजिप्तमध्ये दरबुक्याला तबलाच म्हणतात. त्यावरचा घुमणारा बोल ‘दुम्’, कडेचा टणक बोल ‘तेक्’. सगळ्यात जास्त ऐकू येणारा मकसूम ताल आठ मात्रांत मोजता येतो: दुम् तेक् – तेक् दुम् – तेक् –. केरवा आणि ढोलकी ऐकून वाढलेल्या कानाला हे चारदोन वेळा ऐकलं की पटतं. फरक जागेचा आहे. लावणीत ताल घुंगरांतून, म्हणजे पायातून बोलतो. इथे ‘दुम्’ कंबरेवर पडतो आणि पाय जवळजवळ गप्प असतात. लावणी येणाऱ्या मुलीला सुरुवातीला पाय आवरणंच जड जातं.

पडदा काय देत नाही? हात लावून ‘हे इथून’ असं कुणी सांगत नाही. थेट वर्गातही आवाज आणि चित्र थोडं उशिरा पोचतं, त्यामुळे विद्यार्थिनी तालात आहे की मागे, हे शिक्षिकेला खात्रीने कळत नाही. आणि सगळ्यात मोठी उणीव म्हणजे उत्स्फूर्तता. वाजवणाऱ्याने अचानक वळण घेतलं की नाचणारीनेही तिथेच वळावं, हा या नाचाचा जीव. तो ठरलेल्या गाण्यावर ठरलेल्या पावलांनी येत नाही. त्याला माणसं लागतात. घरातल्या बहिणी-मैत्रिणी जमवून एकीने डब्यावर ताल धरला, तर तो थोडा तरी हाती लागतो.

स्वतःचा सराव रेकॉर्ड करून बघणं हा त्यातल्या त्यात चांगला शिक्षक. फक्त त्याआधी फोनचा ऑटो-बॅकअप तपासावा. बऱ्याच घरांत एकच गूगल खातं तिघाचौघांच्या फोनवर असतं, आणि दुपारचा शिमीचा सराव संध्याकाळी काकांच्या फोनवर दिसला, तर क्लास तिथेच संपतो.