पुरुषाच्या शरीरातली दोन कामं

पेण आणि रोहा तालुक्यातल्या गटांच्या बैठकांत आम्ही पाळीवर बोलतो, गर्भाशयावर बोलतो, अंगावरून पांढरं जाण्यावर बोलतो. चित्र लावलं की बायका पुढे सरकून बघतात. पुरुषाच्या शरीराचं चित्र काढलं की मात्र पदर तोंडाला जातो आणि कुणीतरी म्हणतं, "ताई, ते राहू द्या." आम्हीही बरीच वर्षं ते राहू दिलं. पण लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही, सुनेच्या सगळ्या तपासण्या, अंगारे, नवस झालेत आणि नवऱ्याची एकही तपासणी नाही, हे इतक्या घरांत पाहिलं की आज हा विषय घेतोच.

पेणकडच्या एका गटात पापडाचं काम चालू असताना आम्ही गेलो होतो. एका मावशींनी हातातल्या दोन लाट्या पुढे केल्या, "ह्या घ्या नि दाखवा." हसून हसून पुरेवाट झाली, पण त्यानंतर लाज गेली. तर त्या लाट्यांपासूनच सुरुवात करू.

लिंगाच्या खाली कातडीची पिशवी असते, तिला अंडकोश म्हणतात. तिच्यात लहान अंड्याच्या आकाराचे दोन वृषण असतात. एक जरा खाली लोंबतो, ते बरोबरच आहे. एवढा नाजूक अवयव शरीराबाहेर का? तर शुक्रजंतू तयार व्हायला अंगापेक्षा दोन-तीन अंश कमी ऊब लागते. म्हणून थंडीत पिशवी आखडते आणि उन्हाळ्यात सैल पडते. वीटभट्टीवर किंवा कारखान्यातल्या भट्टीसमोर रोज तासन्‌तास उभं राहणाऱ्याच्या शुक्रजंतूंवर उष्णतेचा परिणाम होऊ शकतो, तो यामुळेच.

आता नीट ऐका. वृषणाची कामं दोन आहेत आणि दोन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत. पहिलं काम शुक्रजंतू तयार करणं. ते नळीतून जातात. दुसरं काम टेस्टोस्टेरॉन नावाचं संप्रेरक तयार करणं. ते नळीत जात नाही, थेट रक्तात मिसळतं. दाढीमिशी, जाड आवाज, अंगातली ताकद, शरीरसंबंधाची इच्छा, हे सगळं या दुसऱ्या वाटेचं. म्हणूनच एखादा गडी भाताची पोती उचलणारा, सगळं व्यवस्थित असणारा असतो, आणि तरी त्याच्या वीर्यात शुक्रजंतू कमी असतात किंवा नसतातच. बाहेरून पाहून ते कुणालाही सांगता येत नाही, त्याचं त्यालाही नाही.

एक शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. मग वृषणाच्या मागे वेटोळं करून बसलेल्या नळीत तो पक्का होतो. ही नळी उलगडली तर वीस फूट भरेल! तिथून दोन्ही बाजूंनी हातभर लांबीची एकेक शुक्रवाहिनी पोटात वर चढते आणि लघवीच्या पिशवीमागे जाते. तिथे दोन वीर्यकोश आणि प्रोस्टेटची गाठ आपापलं पाणी मिसळतात. वीर्य म्हणजे मुख्यतः हेच पाणी. शंभर भागांत शुक्रजंतूंचे पाच भागही नसतात. शंभर थेंब रक्ताचा एक थेंब वीर्य होतो, असं मुलं ऐकतात आणि झोपेत वीर्य गेलं की घाबरून 'धात जाते' म्हणत जाहिरातीतल्या औषधांवर पैसे घालवतात. त्यात आजार काही नाही.

लिंगात हाड नसतं. आत स्पंजासारखा भाग असतो, त्यात रक्त भरलं की ताठरपणा येतो. त्यामुळे तो नेहमी कमी पडू लागला तर बायकोवर संशय किंवा चिडचिड करण्यापेक्षा साखर आणि रक्तदाब तपासावा. दोन्ही आजार रक्तवाहिन्या खराब करतात, तंबाखूसुद्धा.

मूल राहत नसेल तर वर्षभरानंतर दोघांनी एकाच वेळी तपासणी करावी. जवळपास निम्म्या जोडप्यांत अडचण पुरुषात किंवा दोघांतही असते. त्याची पहिली तपासणी सगळ्यात सोपी: दोन-तीन दिवस संबंध न ठेवता वीर्याचा नमुना द्यायचा. सुई नाही, भूल नाही. रिपोर्ट खराब आला तर हातपाय गाळू नयेत. मोठा ताप येऊन गेल्यावरही शुक्रजंतू कमी होतात. अडीच महिन्यांचा हिशेब लक्षात ठेवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. आणि मुलगा की मुलगी हे शुक्रजंतू ठरवतो. आईचं बीज प्रत्येक वेळी एकाच प्रकारचं असतं, त्यामुळे मुलीच झाल्या म्हणून सुनेला बोल लावण्यात अर्थ नाही.

आता ऑपरेशनचं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभर विवाहित जोडप्यांत सुमारे ३८ बायकांनी नसबंदी केलेली आढळली. पुरुष शंभरात एकही भरला नाही. बाईचं पोट उघडावं लागतं. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी पिशवीच्या कातडीला बारीक छिद्र पाडून होते, पाव तासाचं काम, त्याच दिवशी घरी. तरी सासू म्हणते, "त्याला शेतात राबायचं आहे, अशक्तपणा येईल." रोह्याच्या एका ताईंनी यावर आमच्यापेक्षा बरं सांगितलं: "कालव्याचं एक दार बंद केलं म्हणून धरण आटतं का?" फक्त शुक्रवाहिनी बंद होते, रक्ताची वाट चालूच राहते. वीर्यही पूर्वीसारखंच दिसतं. मात्र नळीत आधीचे शुक्रजंतू शिल्लक असतात, म्हणून तीन महिने निरोध वापरायचा आणि वीर्य तपासून शुक्रजंतू नाहीत अशी खात्री झाल्यावरच थांबवायचा.

हे मराठीत सांगणं आजचं नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' मासिकातून याच गोष्टी लिहिल्या. त्यापायी कोर्टात उभे राहिले. आम्हाला फक्त हसू सोसावं लागतं.

शेवटी मुलग्यांच्या आयांसाठी. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना लिंगाची कातडी जोर लावून मागे ओढू नका, न्हाऊ घालणाऱ्या बाईलाही सांगा. ती पुढे आपोआप सुटते. पिशवीत दोन्ही गोळ्या हाताला लागतात का पाहा. सहा महिन्यांपर्यंत एखादी खाली उतरली नसेल तर डॉक्टरांना दाखवा. वयात येणाऱ्या मुलाच्या वृषणात अचानक जोराची कळ आली, उलटी झाली, तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. रक्त बंद होतं आणि सहा तासांच्या आत ऑपरेशन झालं तरच तो बहुधा वाचतो. मुलं लाजेने सांगत नाहीत, म्हणून आधीच सांगून ठेवा की असं दुखलं तर लगेच उठव. रात्रीचे दोन वाजले असले तरी गाडी काढा.